किलवरची दुर्री आणि दोन पायली तांदूळ

"गुरुजी, झोपले का जी?" कुंपणापलीकडून काकूंची हाक आली. सानगडीच्या किल्ल्यावरून ऊन उतरत होतं. काकूंच्या सुपात पोपटाच्या शेंगा. हात सोलण्यात, तोंड बातमीत. पत्त्यांपायी बुडालेल्या त्या बुढ्याची कालच तेरवी झाली होती, म्हणजे विषय ठरलेलाच.

"वावर गेलं, बैल गेले, घरावरचे कवेलूही इकले. अशाच्या नावानं कोनी का लिवन?"

"एकानं स्वतःच लिहून ठेवलं होतं, काकू. ब्रेट हार्ट या अमेरिकन लेखकाची 1869 ची गोष्ट आहे. कॅलिफोर्नियात सोनं निघालं तेव्हाची. पोकर फ्लॅट नावाच्या वस्तीला एकाएकी सोवळं सुचलं आणि काही जणांना हाकलून दिलं. त्यात ओकहर्स्ट हा पट्टीचा जुगारी. वाटेत पळून आलेलं एक भोळं जोडपं भेटलं, आणि सगळेच बर्फात कोंडले. त्या पोराचे पत्त्यात जिंकलेले चाळीस डॉलर ओकहर्स्टनं पूर्वीच परत केले होते, वर 'पुन्हा खेळू नकोस' म्हणून बजावलं होतं."

"मंग?"

"शिधा संपला. त्यानं पोराला मदत आणायला धाडलं, झोपडीतल्या बायांसाठी सरपण रचलं, आणि दूर जाऊन स्वतःला गोळी घातली. झाडाला सुरीनं टोचलेली किलवरची दुर्री सापडली. वर पेन्सिलीनं लिहिलेलं, 23 नोव्हेंबर 1850 ला नशीब फिरलं, 7 डिसेंबरला डाव संपला."

"दुर्रीच काऊन? एक्का नव्हता का?"

मी गप्पच झालो. गड्डीतला सगळ्यात हलका पत्ता त्यानं स्वतःला लावला, आणि लिहिली ती फक्त हार. चाळीस डॉलर, सरपण, यांचा एक शब्द नाही.

"आपला नळराजा बरा," काकू म्हणाल्या. "इदर्भाचा जावई. फाशात राज्य घालवून वनात गेला, पन परत आला."

"ऋतुपर्ण राजाकडून फाशांची विद्या शिकला आणि फाशांवरच राज्य परत जिंकलं."

"हे पोरांले नका सांगू बापा! शंकरपटाचे दिवस हायेत."

"रणात पडला असता तर बुढ्याला वीरगळ मिळाली असती," मी म्हणालो. "खालच्या पट्टीत लढाई, मधे अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या, वर शिवपूजा. अक्षर बहुधा एकही नसतं. पत्त्यांत पडलेल्याला दगड कोण देणार?"

काकूंचा हात थांबला. "माह्या सुनेले रात्री कळा सुटल्या, तवा बंडी जुंपून साकोलीले त्यानंच नेलं. बैल तवा त्याचे होते." मग शेंग मोडत म्हणाल्या, "अन् माहे दोन पायली तांदूळ बुडवले. तेही लिवा."

"आधी काय लिहू?"

"दोनी लिवा. पन तांदूळ खालच्या पट्टीत. बंडी वर."