वाघाला ‘द’ कधी लावावा?

इंग्रजीत आर्टिकल तीन: अ, ॲन आणि द. मराठीत एकही नाही, गोंडीतही नाही; तरी या दोन्ही भाषांत वाघाविषयी बोलताना आजवर कोणाचे अडलेले नाही. अडते ते भरतीच्या पेपरात. प्रश्नसंचात हा विषय एका ओळीत उरकलेला असतो: अनिश्चिताला ‘अ’, निश्चिताला ‘द’. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अभ्यासिकांतून ही ओळ पाठ होते, कळत नाही. कळण्यासाठी ताडोब्याचे बफर बरे.

मोहर्ली गेटातून जिप्सीत बसून शिरलेल्या पाहुण्याला दिसतो तो ‘अ टायगर’. कोणता, कुठचा, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. दिसला, फोटो निघाला, पैसे वसूल. सिंदेवाहीकडे पहाटे मोहफुले वेचायला निघालेल्या बाया मात्र एकमेकींना एवढेच विचारतात, “रात्री आला होता का?” कर्ता वाक्यात नाहीच. बोलणारीला आणि ऐकणारीला दोघींनाही ठाऊक असलेला तो एकच, म्हणजे ‘द टायगर’. इतकी नेमकी व्याख्या कोणत्याही गाइडात सापडायची नाही. तिसरी पायरी माया, मटकासुर अशा नामवंतांची. विशेषनामाला सहसा आर्टिकल लागत नाही, म्हणून नाव मिळालेला वाघ व्याकरणातून सुटतो. बिननावाच्या वाघाच्या वाट्याला ‘अ’ नाहीतर ‘द’, आणि गावात फार शिरला तर पिंजरा.

पाण्याच्या नावांचा न्याय मात्र वेगळा. वैनगंगा, इंद्रावती, प्राणहिता या नद्यांना ‘द’ मिळतो. तलावाच्या नावाला मिळत नाही. धानाला पाणी पुरवणारे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या खात्यातही उपेक्षितच.

‘ॲन’चा नियम उच्चारावर चालतो, अक्षरावर नाही. म्हणून आमदार ‘ॲन एमएलए’ होतो आणि विद्यापीठ ‘अ युनिव्हर्सिटी’. झाडीबोलीच्या मुलाला हे पटायला वेळ लागत नाही. घरी तो ‘डोळा’ला ‘डोरा’ म्हणतो आणि वर्गात त्याच उच्चारापायी हशा होतो. उच्चार इंग्रजांचा असला की नियम, झाडीपट्टीचा असला की चूक.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’मध्ये काही अवघड नाही. सुरुवातीची खूण सांगायची असेल तर सिन्स, काळाची लांबी सांगायची असेल तर फॉर. गडचिरोली जिल्हा झाला 26 ऑगस्ट 1982 रोजी, त्या तारखेला सिन्स. रस्त्याची वाट पाहणाऱ्या गावाला फॉर. पुढचा आकडा ज्याने त्याने भरावा.

पॅसिव्ह व्हॉइस शिकवण्याची या भागात गरजच नाही. “झाडे तोडण्यात आली”, “चौकशी करण्यात येत आहे”, “योग्य ती कार्यवाही करण्यात येईल” ही वाक्ये चौथीतल्या मुलाच्याही कानावरून गेलेली असतात. इंग्रजी व्याकरण ‘बाय’ लावून कर्ता सांगण्याची मुभा तरी देते. सरकारी कागद ती मुभा सहसा वापरत नाही.

काही प्रश्न उलट दिशेने विचारायला हवेत. ते कोणी विचारत नाही. मराठीत ‘आम्ही’ वेगळे, ‘आपण’ वेगळे. ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हा भेद गोंडीतही आहे. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘वी’. ग्रामसभेत “आम्ही ठरवले” आणि “आपण ठरवले” यांवरून भांडणे होऊ शकतात. इंग्रजीतून सभा घेतली तर ती मिटतील, पण ठरवले कोणी ते कळणार नाही. ही उणीव इंग्रजीची म्हणून कोणत्याही पेपरात छापून येत नाही. ‘नो सूनर’नंतर ‘दॅन’ की ‘व्हेन’, हा प्रश्न मात्र ठरलेला. उत्तर ‘दॅन’. अशा रचनेचे वाक्य तहसील कचेरीत कोणाच्या तोंडी आलेले ऐकिवात नाही.

2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्न आणि 200 गुण होते. त्यांतले 25 प्रश्न, म्हणजे 50 गुण, इंग्रजीचे. सातबारा मराठीत निघतो. भामरागडला तो काढायला येणारी बरीच माणसे माडिया बोलतात. पेपरात माडियाला शून्य गुण.