गोधडी आणि इक्वलायझर

घरी ड्रम-सेट रेकॉर्ड करायला माइक किती लागतात, या प्रश्नाचं उत्तर विचारणाऱ्याच्या पाकिटात असतं. स्टुडिओवाले किकला एक, स्नेअरला वरून एक आणि खालून एक, प्रत्येक टॉमला एकेक, हाय-हॅटला एक, डोक्यावर दोन, शिवाय खोलीचा म्हणून आणखी दोन असं करत डझनाच्या घरात सहज पोचतात. आमच्या ऑडिओ इंटरफेसला भोकंच चार आहेत. त्यामुळे आमच्याकडची तात्त्विक चर्चा चारवर संपते.

ड्रम भाच्याचे. त्याच्या सोसायटीने ते वाजवायला मनाई केली आणि ते आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत येऊन बसले. आमचं घर तळमजल्यावर, एका बाजूला बँक. रविवारी बँकेची काही तक्रार नसते. राहता राहिल्या वरच्या मजल्यावरच्या काकू. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. भाचा स्नेअरवर हात मोकळा करतो तेव्हा जवळ उभं राहणाऱ्याला शंभराच्या पुढचा आकडा भोगावा लागतो. काकूंनी हे नियम वाचलेले नाहीत, आणि हा लेख त्यांच्या हाती पडणार नाही याची मी काळजी घेतली आहे.

खरी अडचण अशी, की माणसाच्या कानाला दुर्लक्ष करता येतं, माइकला येत नाही. ड्रम-सेट म्हणजे जुन्या वाड्यातलं एकत्र कुटुंब. माजघरात कुणी भांडं आपटलं तर ओसरीवर कळतं, परसात कळतं, माडीवरही कळतं, फक्त प्रत्येकाला ते जरा पुढेमागे कळतं आणि जो तो आपल्या परीने सांगत सुटतो. स्नेअरवरचा एक फटका चारही माइक ऐकतात, पण एकाच वेळी नाही. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दोन माइकच्या अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक पडला, की १००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकात चढत असताना दुसऱ्यात उतरत असतो. दोन्ही एकत्र केले की बेरजेऐवजी वजाबाकी होते आणि चांगला दणकट स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजायला लागतो. ध्वनीवाले याला फेजचा घोळ म्हणतात. तो मागाहून इक्वलायझरने निस्तरता येत नाही, कारण जे वजा झालं ते वाढवायला शिल्लकच नसतं.

यावर एक सोपा तोडगा आहे. ग्लिन जॉन्स या इंग्लिश साउंड इंजिनिअरचं नाव त्याला चिकटलेलं आहे. लेड झेपेलिनच्या १९६९ सालच्या पहिल्या अल्बमचे इंजिनिअर ते हेच. एक माइक स्नेअरच्या वर मीटरभर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूने हाय-हॅटकडे तोंड करून, आणि दोघांचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर तंतोतंत सारखं. उरलेल्या दोनांतला एक किकला, एक स्नेअरला. चार भोकं, चार माइक. जणू ही पद्धत आमच्या इंटरफेसकडे बघूनच काढली असावी.

अंतर मोजायला आम्ही परकराची कोरी नाडी वापरतो. पोलादी टेप सिंबलला लागली की वाजते, नाडी वाजत नाही. भाचा नाडीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर अंगठ्याने दाबून धरतो. मी ती ताणून पहिल्या माइकच्या जाळीपर्यंत नेतो, तिथे चिमटीत पकडतो आणि चिमूट न सोडता, स्टँड आणि केबल ओलांडत, अर्धी प्रदक्षिणा घालून दुसऱ्या माइकपाशी पोचतो. सोवळ्यातही माणसं इतकं जपून चालत नसतील.

स्नेअरला आम्ही सगळ्या जगाप्रमाणे शुअरचा एसएम ५७ लावतो. हा माइक १९६५ पासून बाजारात आहे आणि फटके खाऊनही टिकतो. कडेपासून दोन बोटं वर, तोंड मध्याकडे आणि पाठ हाय-हॅटकडे. पाठीमागचं तो कमी ऐकतो, आणि हाय-हॅट हे वाद्य जितकं कमी ऐकू येईल तितकं बरं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

किकच्या पोटात काहीतरी मऊ कोंबायचं, ही प्रथा जुनी. १९६६ साली ॲबी रोडवर जेफ एमरिक यांनी रिंगो स्टारच्या किकमध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि माइक स्टुडिओच्या नियमापेक्षा जवळ नेला. त्यांनी नियम मोडला होता, पण बीटल्सना तो आवाज आवडला. आमच्याकडे आजीच्या लुगड्यांची गोधडी आहे. ती किकच्या आतल्या कातड्याला जेमतेम टेकेल अशी ठेवायची. जास्त दाबली तर किकचा ‘धप्प’ होतो, काढून घेतली तर ‘धूंऽऽऽ’ होतो. या दोन टोकांच्या मधलं अंतर चार बोटांचं असतं आणि ते शोधण्यात सकाळ जाते.

गोधड्या आम्ही भिंतींवरही टांगतो. त्याने सिंबलचा खणखणाट शमतो, पण खालच्या सुरांना गोधडी म्हणजे काहीच नाही. दहा फुटांच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर घुमत राहतो, आणि किकचा दणका नेमका त्याच्याच आसपास असतो. तो भिंतींपाशी आणि कोपऱ्यांत साठतो, आणि त्या दोन भिंतींच्या बरोबर मध्ये जवळजवळ नाहीसा होतो. कोपऱ्यात कापसाच्या जाड गाद्या उभ्या केल्या की थोडा फरक पडतो. अंड्यांच्या ट्रेने मात्र काहीएक होत नाही. खालचे सूर त्यांना जुमानत नाहीत आणि शेजाऱ्यांकडे जाणारा आवाजही अडत नाही. तरी दरवर्षी कुणीतरी हौशी माणूस भिंतीला ट्रे चिकटवतोच.

खोली मोठी असती तर ही कसरत लागली नसती. लेड झेपेलिनच्याच १९७१ सालच्या चौथ्या अल्बममधल्या एका गाण्यासाठी हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या इमारतीत जॉन बॉनमचे ड्रम जिन्याच्या दालनात मांडले होते आणि वरून दोन माइक सोडले होते. इंजिनिअर अँडी जॉन्स, ग्लिन यांचे धाकटे भाऊ. घराणंच म्हणायचं. हे ऐकून भाच्याचे डोळे आमच्या जिन्याकडे वळले. तिथे चपलांची मांडणी आहे, लिफ्ट आहे आणि काकू आहेत, एवढं मी त्याला समजावलं.

आता इक्वलायझर. भाच्याची पिढी माइक लावायला पाच मिनिटं देते आणि इक्वलायझरला अख्खी दुपार. दणका हवा, ६० वाढव. पेडलची टिचकी हवी, ४००० वाढव. स्नेअरला अंग हवं, २०० वाढव. शेवटी सगळंच वाढलेलं असतं आणि पडद्यावर सह्याद्रीची रांग उभी राहते. आवाज मोठा झाला की तो चांगला झाल्यासारखा वाटतो, हा कानाचा जुना खोडसाळपणा. एकदा भाचा एक बटण केसभर फिरवून फिरवून, ‘हां, आता खुललं!’ असं म्हणाला. तो इक्वलायझर बंदच होता. त्याला हसण्यात अर्थ नाही, या धंद्यात मुरलेल्यांचंही असं होतं.

खरं काम उलट्या दिशेचं असतं. एक अरुंद पट्टा मुद्दाम वाढवायचा, खालपासून वरपर्यंत फिरवायचा, आणि जिथे आवाज सगळ्यात असह्य होईल तिथे थांबून तोच कमी करायचा. किकमध्ये हे ठिकाण बहुधा ३०० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यान सापडतं. पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखा आवाज तिथून येतो. ओव्हरहेडचा, म्हणजे डोक्यावरच्या दोन माइकचा, खालचा भाग छाटायचा, असं बरेच जण सांगतात. बारा माइकवाल्यांनी खुशाल छाटावा. चारच असतील तर सगळा ड्रम त्या दोन माइकमध्येच असतो, तिथे कात्री नको.

माझा एक तबलजी मित्र अशाच एका दुपारी येऊन बसला होता. आम्ही स्नेअरचा एक चिवट ‘टुंग’ सुर्‍या लावून कापत होतो. त्याने तासभर सहन केलं आणि मग म्हणाला, “अरे, आधी वाद्य तर लावा!” तबल्याची हातोडी गठ्ठ्यांवर चालवणारा माणूस तो. त्याने ड्रमची चावी मागून घेतली, कडेपासून बोटभर आत प्रत्येक स्क्रूपाशी टिचकी मारत ऐकलं, समोरासमोरचे स्क्रू जोडीने पाव-पाव फेरा फिरवले. ‘टुंग’ गेला. भाच्याने इक्वलायझरवरचे तिन्ही खड्डे मुकाट्याने बुजवले.

कुकरच्या शिट्टीवर मात्र आमच्याकडे उपाय नाही. सगळ्यात सुंदर टेकमध्ये ती हमखास येते, आणि तिचा फुस्कारा सिंबलच्याच वस्तीत राहतो. तो कापला की सिंबलही जातात. हल्ली आम्ही काकूंना आधी विचारतो, “वरण किती वाजता लावणार?” त्या सांगतात, आणि सांगितलेली वेळ पाळतात.

एवढं झाल्यावरही कोपऱ्यातला तो ५६ हर्ट्झ अजून पुरता वठणीवर आलेला नाही. तेव्हा कुणी घरातल्या कापसाच्या जुन्या गाद्या काढून टाकणार असेल, तर कृपया भंगारवाल्याच्या आधी आम्हाला सांगा. न्यायला भाचा येईल.