भाकरीचा भाव

पुण्यातल्या बऱ्यापैकी हॉटेलात ज्वारीची एक भाकरी पंचवीस-तीस रुपयांना पडते. भाकरीला पीठ लागतं साधारण शंभर ग्रॅम. केंद्र सरकारने २०२५-२६ साठी जाहीर केलेला हमीभाव संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,६९९ रुपये आणि मालदांडीला ३,७४९ रुपये आहे. म्हणजे त्या भाकरीत शेतकऱ्याची ज्वारी पावणेचार रुपयांची. दळण, गॅस, जागेचं भाडं, थापणारीची मजुरी सगळं धरा. तरी मोठी रक्कम उरतेच, आणि ती चवीची नाही. भाकरी कोण खातं, त्याची ती किंमत आहे.

भाकरी तीच आहे, फक्त ताट बदललं. गहू परवडत नाही त्याने भाकरी खावी, हा महाराष्ट्राच्या मोठ्या भागाचा रिवाज होता. पाहुणा आला की चपाती, सणाला पुरणपोळी, रोजच्याला भाकरी. मुलगा नोकरीला लागला, घरात पैसा आला, की पहिला बदल परातीत दिसायचा. शाळेत डब्यातली भाकरी झाकून खाणारी पोरं आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांना विचारा, ती लाज त्यांच्या अजून लक्षात आहे.

ज्वारीतही वरची आणि खालची होतीच. सीएसएच-१ हे संकरित वाण १९६४ साली आलं. उतारा वाढला, पण भाकरीची चव गेली. मग मालकाच्या कणगीत शाळू आणि मजुराच्या पदरात ‘हायब्रीड’. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो रेशनवर मिळाली, आणि दिवसभर खडी फोडणाऱ्यांनी ती गिळली. त्याच्याही खाली काय होतं, ते शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) आहे. त्यात आजी गुरांच्या शेणात निघालेले ज्वारीचे दाणे धुऊन त्यांची भाकरी करून खाते. ‘आपलं पारंपरिक अन्न’ म्हणून भाकरीचे गोडवे गाताना हे पान वगळून पुढे जाता येणार नाही. परंपरा एकच होती, पण तिच्यात कोणाला शाळू मिळाला, कोणाला मिलो आणि कोणाला शेणातले दाणे.

म्हणून भाकरी सोडून चपातीकडे गेलेल्या घरांना कोणी नावं ठेवली की मला चीड येते. ‘आमचे पूर्वज भाकरी खायचे आणि ठणठणीत असायचे, आताच्या लोकांना मैदा-बिस्किटं लागतात’, हे वाक्य हल्ली सोसायटीच्या गप्पांत फार ऐकू येतं. ते बोलणाऱ्यांच्या घरी भाकरी व्हायची ती भोगीला, बाजरीची, तीळ लावून. नाहीतर वांग्याचं भरीत केलं की हौसेने. हौसेने खाणं वेगळं आणि दुसरं काही नाही म्हणून तीनशे पासष्ट दिवस मिरचीच्या ठेच्याशी खाणं वेगळं. ज्यांनी दुसरं भोगलं, त्यांना गव्हाचा मोह पडला यात चुकलं काय?

शिवाय सरकारनेच ही उतरंड छापून दिली होती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात रेशनचे दर होते तांदूळ तीन रुपये किलो, गहू दोन रुपये, भरडधान्य एक रुपया. ज्वारी, बाजरी, नाचणी सगळ्यात खाली. १ जानेवारी २०२३ पासून रेशनचं हे धान्य मोफत झालं. गंमत नाही, खेदाची गोष्ट अशी की तेच २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून जाहीर केलेलं भरडधान्य वर्ष होतं. त्या फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी या धान्यांना ‘श्रीअन्न’ म्हटलं. परिषदांच्या ताटांत बाजरीचे पदार्थ आले, मॉलच्या फळीवर नाचणीची बिस्किटं आली. रेशनच्या पिशवीत मात्र बहुतेक ठिकाणी गहू-तांदूळच राहिला. कधी एखाद्या जिल्ह्यात ज्वारी येते, एवढंच.

हमरस्त्यावरच्या ‘गावरान’ हॉटेलांत हा सगळा प्रकार डोळ्यांनी पाहता येतो. दारात बैलगाडी, भिंतीवर कंदील, वाढप्याच्या डोक्याला फेटा. दर्शनी भागात चूल मांडून बाई बसवलेली. ती पिठाचा गोळा परातीत मळते, तळहाताने थापत फिरवते, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवते, उलटते आणि विस्तवाला लावते. भाकरी टम्म फुगली की पलीकडे मोबाइल सरसावतात. चूल दिवसभर पेटलेली, धूर तिच्या डोळ्यांत. घरी गॅस आला म्हणून सुटलेली बाई पगारासाठी परत चुलीपुढे बसली आहे, कारण गिऱ्हाइकाला धुराची चव हवी आहे. गिऱ्हाइकाला चव हवी यावर माझा आक्षेप नाही. पण त्या बिलातलं तिच्या हातात किती पडतं, हे विचारणारं गिऱ्हाईक दिसत नाही.

भाकरी थापणं हे कसब आहे. ज्वारीचं पीठ दळून काही दिवस झाले की त्याची विरी जाते. मग भाकरी कडेने चिरते, तव्यावर टाकताना मोडते. म्हणून घरोघरी दळण थोडं थोडं व्हायचं. पाकिटातलं पीठ आणणाऱ्यांना उकड काढावी लागते आणि तरी जमत नाही. या कसबाला आधी कोणी दाम दिला नाही, कारण ते प्रत्येक गरीब बाईला येत होतं. आज ते दुर्मीळ झालं, तर निदान त्याची मजुरी वाढावी.

हुरड्याचंही तेच. थंडीत आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कोवळी कणसं भाजायची, गरम गरम तळहातावर चोळून दाणे पाहुण्याच्या हातावर ठेवायचे. रानातला हुरडा विकायची चीज नव्हती, तो मान होता. आता माणशी दर लावून ‘हुरडा पार्टी’ होते. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर मी तिचं स्वागतच करते. फक्त आलेल्यांनी शेताच्या पलीकडच्या टोकालाही जाऊन यावं.

तिथे काढणी असते. भेगाळलेल्या काळ्या रानात ज्वारीची ताटं हाताने उपटायची, पेंढ्या बांधायच्या, मग बसून एकेक कणीस खुडायचं. खुडणीला बहुतेक बायाच. हे काम इतकं जिकिरीचं की मजूर मिळत नाही, आणि मजुरी देऊन ज्वारी परवडत नाही. कित्येक शेतकरी ज्वारी पेरतात ती दाण्यापेक्षा कडब्यासाठी, गुरं जगावीत म्हणून. मराठवाड्यात खरिपाची ज्वारी हटली आणि सोयाबीन आलं. सोलापूर भागात पाणी पोहोचलं तिथे ऊस आला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण मानांकनाने कणसं खुडली जात नाहीत. हमीभाव जाहीर होतो आणि शेतकरी माल आडत्याकडेच घालतो, कारण घरात पैसा आज लागतो.

शहरात भाकरीची मागणी वाढली हे खरं असेल, तर तो पैसा खाली का झिरपत नाही? कारण मागणी करणारा वर्ग पाकिटावरचं चित्र पाहतो आणि सरकार त्या वर्गाकडे पाहतं. शेजारच्या कर्नाटकात नाचणी आणि ज्वारी खरेदी करून रेशनवर दिली जाते. ओडिशाने २०१७ मध्ये भरडधान्य अभियान सुरू केलं, आदिवासी शेतकऱ्यांकडून नाचणी विकत घेतली आणि रेशनवर पोहोचवली. महाराष्ट्र तर ज्वारीचं घर. इथे सरकारने काढणीच्या दिवसांत तालुक्याला खरेदी केंद्र उघडावं, पैसे आठवड्यात द्यावेत, आणि ज्या जिल्ह्यात जी भाकरी खातात तिचं स्वच्छ धान्य तिथल्या रेशनवर कायमचं द्यावं. खुडणीसाठी चालेल असं यंत्र आमच्या कृषी विद्यापीठांनी शेतकऱ्याच्या बांधावर आणून दाखवावं. तोवर हॉटेलच्या बिलातल्या पंचवीस रुपयांपैकी मंगळवेढ्याला पोहोचतात ते चारसुद्धा नाहीत.