एक फुल, एक हाफ

ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२५ साली काथारिना फॉन बोरा या मठ सोडून आलेल्या जोगिणीशी लग्न केलं. पुढे तो ग्रंथ लिहीत राहिला आणि ती बिअर गाळणं, डुकरं पाळणं, शेती बघणं आणि जेवायला टपकलेल्या विद्यार्थ्यांच्या पंगती उठवणं एवढंच करत राहिली. पाळकाच्या शिक्षणात ल्यूथर थिअरीला असतो. काथारिना प्रॅक्टिकलला असते, आणि ते प्रॅक्टिकल पाळकाच्या बायकोने द्यायचं असतं. फी नाही, मार्क नाहीत, नापास मात्र होता येतं.

माझा नवरा पांढुर्ण्याकडचा. तिकडे मध्य भारतात स्वीडनच्या मिशनऱ्यांनी १८७७ साली काम सुरू केलं, म्हणून तो ल्यूथरन. मी नगरची, म्हणजे १८३१ पासूनची अमेरिकन मिशनवाली. पुण्यात त्याचा पाळक होण्यासाठी बी.डी.चा अभ्यास चालू आहे, आणि शनिवार-रविवारी सेवेच्या सरावासाठी त्याला शिरूर आणि दौंड अशा दोन मंडळ्या दिल्या आहेत. कुणी दिल्या ते विचारू नका. ज्याने दिल्या त्याने नकाशात ती दोन नावं जवळ पाहिली असणार. नकाशात बस बदलावी लागत नाही.

ल्यूथरने १५२९ साली एक छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. तीत प्रत्येक आज्ञेनंतर एकच प्रश्न येतो: याचा अर्थ काय? माझ्या नवऱ्याने ती लहानपणी पाठ केली आणि मग तो थांबलाच नाही. मी म्हणावं, ‘गॅस संपलाय.’ त्याने म्हणावं, ‘याचा अर्थ काय?’ याचा अर्थ दोन दिवस खिचडी इलेक्ट्रिक कुकरमध्ये, हे त्याला पोटाने समजतं. डोक्याने समजायला वेळ लागतो.

तर शनिवारी दुपारी आम्ही नगर रोडला लागलो. सामान असं: उपदेशाची वही, झगा सुरकुतू नये म्हणून उशीच्या अभ्र्यात, एक ढोलकी आणि मंडळीतल्या आजीबाईंसाठी गुडघ्याचं तेल. ढोलकी कशाला, असं पुण्यातले विद्वान विचारतात. नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाला भजन दिलं, त्याला आता शंभराहून जास्त वर्षं झाली. गिटारवर भजन म्हटलं तर शिरूरच्या म्हाताऱ्या टाळ्या वाजवतात, पण त्या संपल्याबद्दल.

कंडक्टरने विचारलं, ‘किती?’ नवरा म्हणाला, ‘दोन शिरूर.’ कंडक्टरने माझ्याकडे बघून दुरुस्ती केली, ‘एक फुल, एक हाफ.’ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे उपदेश करणारा पूर्ण भाड्याने जातो आणि चहा करणं, पोरांचं संडे स्कूल, आजारी माणसाच्या घरी बसणं, झगा इस्त्री करणं आणि सूर चुकला की भजन सावरणं हे सगळं अर्ध्या भाड्यात. सरकारला हिशेब येत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

वाघोलीला बस उभी राहिली. वाघोलीला बस उभीच राहते. नवऱ्याने ग्रीक व्याकरणाचं पुस्तक काढलं आणि कोरेगाव भीमा येईपर्यंत एक क्रियापद चालवलं. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघालेली इंग्रजांची पलटण चालत सकाळपर्यंत कोरेगावला पोहोचली होती. उलट दिशेने आम्हालाही तेवढाच वेळ लागेल अशी चिन्हं होती.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. इंग्रजांची इथे छावणी होती, आणि १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर इथेच आहे. पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात लिहिलंय की आसपासचे गावकरी त्याला सत्पुरुष मानत आणि सुगीचं पहिलं धान्य त्याच्या कबरीवर नैवेद्याला आणत. हे वाचल्यापासून नवरा अस्वस्थ आहे. संतांच्या समाध्या, अवशेष, नवस यांच्याविरुद्ध ल्यूथर आयुष्यभर भांडला, आणि इथे एक फौजी अधिकारी अर्जही न करता संत होऊन बसला. ‘याचा अर्थ काय?’ त्याने मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘अर्थ म्हणजे, माणूस बरा असंल की हो.’

नेमका तो रविवार कापणीच्या सणाचा होता. ज्वारीची कणसं, भोपळे, ऊस, अंडी, लोणच्याच्या बरण्या, सगळं वेदीपुढे मांडलेलं. नवऱ्याने मधोमध एक मेणबत्ती लावली. लगेच मागून आवाज आला, ‘पाळकसाहेब, लाईट आहे.’ अमेरिकन मिशनच्या वळणावर वाढलेल्या मंडळीला मेणबत्ती फक्त नाताळात आणि भारनियमनात चालते. नवऱ्याने ती विझवली. ज्वारीच्या कणसाजवळ ती नव्हतीच लावायची, हे मी नंतर सांगितलं.

उपासनेनंतर लिलाव. ज्यांनी कधी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते: देवाला वाहिलेलं सगळं तिथेच बोली लावून विकतात, पैसे मंडळीच्या खजिन्यात जातात. ज्या लिंबाला बाजारात कुणी हात लावणार नाही ते इथे व्याही-व्याह्यांच्या ईर्ष्येपायी पन्नास रुपयांना जातं. गलका वाढला, तसा सगळ्यांना शांत करायला नवऱ्याने आशीर्वाद देतात तसा उजवा हात वर केला. त्या क्षणी लिलावात कोंबडा होता.

‘पाळकसाहेब सहाशे! एक वार, दोन वार...’

तिसरा वार कुणी अडवला नाही. बोली पुकारणारे काका हसून म्हणाले, ‘पाळकाच्या घरी कोंबडा पाहिजेच. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, तेव्हा याच्याच खापरपणजोबाने आरवून त्याला जागं केलं.’ सहाशे रुपये माझ्या पर्समधून गेले. गॅसचे होते.

जेवून दौंडकडे निघालो. न्हावऱ्यापर्यंत पुढे उसाची ट्रॉली, मागे उसाची ट्रॉली. मग भीमेचा पूल, मग गुऱ्हाळांचा तो गोड धुरकट वास, मग केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलं. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा सांभाळत या बाईने हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते छापून पुरं झालं. खिळे जुळवायलाही तिथल्या बायकाच. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने ग्रीकचं पुस्तक गुपचूप पिशवीत घातलं. पिशवीत कोंबडा होता, त्याने जागा दिली नाही.

चौफुल्याला बस बदलायची. लावणीच्या रसिकांना चौफुला सांगायला नको. इथली कलाकेंद्रं साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. आम्ही स्टॉपवर उभे: नवऱ्याच्या खांद्यावर ढोलकी, माझ्या अंगावर उपासनेची जरीकाठाची साडी, हातात पिशवी. पांढरे कपडे घातलेले एक गृहस्थ जवळ आले. ढोलकीवर टिचकी मारून म्हणाले, ‘शाई बरी लागलीय. पार्टी कुठली?’

‘ल्यूथरन,’ नवरा म्हणाला.

‘नवी दिसतीय. बाई गातात का नाचतात?’

‘बाई स्वयंपाक करतात,’ मी म्हणाले.

गृहस्थांनी सहानुभूतीने मान हलवली आणि बस येईपर्यंत पार्टी कशी चालवावी याच्या चार गोष्टी सांगितल्या: सुरुवात दणक्यात करा, मधे लांबण लावू नका, माणसं उठायच्या आत संपवा. उपदेशकलेच्या तासाला हेच शिकवतात, फक्त सहा महिने लावून.

दौंडची मंडळी रेल्वेची. इथे उपासनेची वेळ घड्याळावर नसते, ड्युटीवर असते. पेटी वाजवणारे लोको पायलट, त्यांची मालगाडी कुठेतरी सिग्नलला उभी, म्हणून पहिली दोन भजनं ढोलकीवर. पहिल्या बाकावर एक निवृत्त गार्ड बसतात. उपदेश वीस मिनिटांच्या पुढे गेला की ते खिशातून लाल रुमाल काढतात आणि नुसता मांडीवर ठेवतात. त्या दिवशी नवऱ्याने चौफुल्याचा सल्ला मानला. रुमाल खिशातच राहिला, आणि गार्डसाहेबांनी दारात हात हातात घेऊन सांगितलं, ‘राइट टाइम.’ कोंबडा एवढा वेळ मागच्या खोलीत होता. हूं नाही की चूं नाही.

परतीच्या पुणे लोकलला गर्दी होती. पिशवी सीटखाली सरकवली. पाटस गेलं तसं पिशवी हलायला लागली. समोरच्या मावशींनी पाय वर घेतले. ‘काय आहे हो त्यात? तुमचं का?’ नवरा पाटसला डब्यात चढलेल्या सेमिनरीतल्या दोन प्राध्यापकांकडे बघत होता. म्हणाला, ‘नाही.’

केडगावला कॉलेजची पोरं चढली. ‘दादा, ही पिशवी तुमची?’

‘नाही नाही.’

उरुळीला तिकीट तपासनीस आले. त्यांनी पिशवीकडे बघितलं, ढोलकीकडे बघितलं. ‘तुमचं सामान का हे?’

‘मी याला ओळखतसुद्धा नाही,’ नवरा म्हणाला.

आणि दिवसभर मुका असलेला तो कोंबडा, डबा दणाणेल असा आरवला.

नवरा पांढराफटक पडला. तपासनीसांनी माझ्याकडे मान वळवली.

‘माझा आहे,’ मी म्हणाले. ‘आणि हे पण.’