खाऱ्या पाण्याचं खूळ

ऐकलंत का? समुद्र गाठायला जिथून रात्रभराची गाडी पकडावी लागते, त्या जळगाव-धुळ्याकडे म्हणे लोक घरात समुद्री माशांची बाळंतपणं काढायला निघालेत! गप्पी पाळले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. ते आपले आपण वितात, मालकाला सकाळी कळतं. पण यांना हवेत प्रवाळांतले डॅमसेल मासे. लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या टाकीत ७ किलो मीठ! तेही वाण्याकडचं चालत नाही, खास समुद्री टाक्यांचं लागतं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ला टेकतो आणि या राण्यांना २६-२७ अंश सोसतात. मग काय भो, माणसं कूलरपुढे आणि मासे एसीत.

बरं, त्यांचे संसार तरी धड असावेत! नर दगड घासूनपुसून ठेवतो, नाचून मादीला बोलावतो आणि अंडी घालून झाली की तिलाच हुसकावून लावतो. मग पंखांनी वारा घालत एकटाच राखण करतो. मधूनच त्यातली चार अंडी गट्टही करतो. याच कुळातल्या क्लाऊनफिशचं तर बोलूच नये. २००३च्या सिनेमातला तो गोजिरवाणा निमो! त्याच्या जातीत मादी मेली की नवराच मादी होतो. सिनेमावाल्यांनी ही गोष्ट बरी गाळली.

पण खरा तमाशा पिल्लांच्या जेवणाचा. अंडी फुटतात ती रात्री, अंधार पडल्यावर. घरातले दिवे बंद, सगळ्यांना गप्प बसवलेलं, यजमान बॅटरी घेऊन टाकीपाशी. उजेडाकडे जमलेली दोन-तीन मिलिमीटरची पिल्लं कपाने अलगद उचलायची. त्यांना चारायचं काय? रोटिफर नावाचे पाण्यातले सूक्ष्म जीव. रोटिफरना काय? हिरवं शेवाळपाणी. ते वाढवायला खिडकीत थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्यांची रांग, प्रत्येकीत हवेची नळी, चोवीस तास बुडबुड. पाहुण्यांना वाटतं, घरात काढे उकळताहेत! वीज गेली किंवा बाटली आंबली की अख्खी पंगत उपाशी, कारण ही पिल्लं जिवंत, हलतं भक्ष्यच गिळतात. निमोची पोरं निदान रोटिफरवर भागवतात. डॅमसेलच्या बऱ्याच जातींचं तोंड इतकं चिमुकलं, की रोटिफरही घशाखाली उतरत नाही. त्यांना कोपेपॉड नावाच्या इवल्याशा जलजीवांची नुकती जन्मलेली पिल्लं लागतात. म्हणजे बाळाला भरवायला आणखी बाळं! आणि घरच्या नातवाला? दूध-बिस्कीट.

टवाळी पुरे, एक कबूल करायला हवं. शोभेचे समुद्री मासे अजून बहुतेक प्रवाळांतूनच पकडून आणतात. टाकीत जन्मलेला प्रत्येक मासा तेवढी एक धरपकड टाळतो. म्हणून तर आपल्या कांदळवन प्रतिष्ठानानं ऐरोलीला क्लाऊनफिशचं पिल्लाघर काढलं. त्यात साथ कुणाची, तर लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोची. लखनौ! तिथून तर समुद्र आपल्याहूनही लांब. तेव्हा धुळेकरांनी लाजायचं कारण नाही.

एवढं करून पाच-पंचवीस पिल्लं जगली, तरी सुख कुठलं? रंग आला की भाऊबंदकी सुरू. एकेक कपार अडवून बसतात, दुसऱ्याला फिरकू देत नाहीत. यजमान आता आणखी एक टाकी मागतायत. जागा हेरून झालीय म्हणे, देवघराशेजारची.