हकालपट्टीबद्दल सांत्वनपत्र

रा. रा. लेड क्रोमेटराव यांस,
स. न. वि. वि.

बांगलादेशातून तुमची हकालपट्टी झाल्याचं कळलं. फार वाईट वाटलं. ऐंशीच्या दशकात तिथे पुरात हळद भिजली, काळवंडली, तेव्हा तिची लाज तुम्हीच राखलीत. मूळचे तुम्ही रंगाच्या डब्यातले, शिशाची पिवळी भुकटी. पण गरिबाच्या आमटीत उतरायला कधी कमीपणा मानला नाहीत. पॉलिश करताना तुमची भुकटी पडली की मरतुकडं हळकुंडही बोहल्यावर चढल्यासारखं उजळतं.

मुलांवर तर तुमचा विशेष जीव. पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या अंगात जेवढं मुरतं, त्याच्या चार-पाच पट लहानग्यांच्या अंगात मुरतं. त्यातही ज्या पोराला पुरेसं लोह मिळत नाही, त्याच्यात जरा जास्तच. कॅल्शियमचं सोंग घेऊन तुमचं शिसं मेंदूत शिरतं, हाडांत बिऱ्हाड थाटतं. पुढे मुलगी आई व्हायची झाली की हाडांतून निघून पोटातल्या बाळाची विचारपूस करून येतं. आणि इतकं करून कुठे बोभाटा नाही! ताप नाही, पुरळ नाही. पोरगं फक्त पाढे विसरतं, चिडचिड करतं, एका जागी बसत नाही. बाई म्हणतात घरी लक्ष द्या, घरचे म्हणतात शाळेत शिकवत नाहीत. धपाटा पोराच्याच पाठीत.

बांगलादेशी मात्र कृतघ्न निघाले. गरोदर बायकांच्या रक्तातल्या शिशाचा माग काढत संशोधक थेट हळदीपर्यंत पोचले. मग ढाक्याच्या बाजारात धाड, व्यापाऱ्यांना दंड, वर त्याची जाहीर वाच्यता. २०१९ मध्ये ४७ टक्के नमुन्यांत तुमचं शिसं होतं. २०२१ मध्ये शून्य. दोन वर्षांत! याला काय सरकार चालवणं म्हणतात?

असो. आमच्याकडे मर्यादा आहे ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम शिशाची, पण २०२४ च्या एका अभ्यासात पाटण्याच्या हळदीत ते हजाराच्याही वर सापडलं. तेव्हा भारतात तुमची सोय होईल. फिकी हळद दिसली की आम्ही "जुनी वाटते हो" म्हणून पुडी परत करतो, आणि दुकानदार गिऱ्हाईक मोडत नाही.

कळावे, लोभ असावा.
आपलं,
पिवळ्याधमक रंगाला भुलणारं एक गिऱ्हाईक

ता. क. : घरात सगळ्यांची साखर तपासून झाली, व्हिटॅमिन डीही झालं. पोरांच्या रक्तातलं शिसं तपासा, असं अजून कोणी म्हणालेलं नाही. निर्धास्त या.