बंद वस्तूंचे मामा

आमच्या मामांना चालू वस्तूंमध्ये गोडी नाही. पंखा फिरतोय, मिक्सर दळतोय, भिंतीवरचं घड्याळ बरोबर वेळ दाखवतंय, अशा घरात ते पाच मिनिटांत चपला शोधू लागतात. पण यजमानीण सहज म्हणाली, "इस्त्री हल्ली जरा तापत नाही हो," की मामा परत बूड टेकतात, चहा मागतात आणि खिशातून टेस्टर काढतात. इतरांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला टेस्टर. माझ्या साखरपुड्याच्या फोटोतही मामांच्या नव्या झब्ब्यावर तो पिवळ्या मुठीचा टेस्टर पदकासारखा चमकतोय.

तर अशा मामांनी सत्तरीला टेकताना लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. नवाच घ्या, असं मी सुचवलं. मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"नव्याचं काय बिघडेल ते सांगता येत नाही. जुन्याचं जे बिघडायचं ते बिघडून झालेलं असतं."

या वाक्यात कुठेतरी खोट आहे हे मला कळत होतं. ती कुठे आहे, ते अजून सापडलेलं नाही.

मामा डोंबिवलीहून दादरला उतरले, पूल ओलांडून वेस्टर्नची गाडी पकडली आणि ग्रँट रोडला पोचले. लॅमिंग्टन रोडचं नाव कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग झालं त्याला जमाना लोटला, पण मामांसाठी तो लॅमिंग्टनच. १९७५ साली याच रस्त्यावर मिनर्व्हाला 'शोले' लागला आणि पाच वर्षं हलला नाही. त्या काळात मामा तो बघायला म्हणून तीनदा घरातून निघाले. पण मिनर्व्हाच्या आधी रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं लागायची. एकदा ते तिकिटाच्या पैशांचा गँग कंडेन्सर घेऊन आले, एकदा स्पीकर. तिसऱ्या खेपेला काय आणलं ते मामी सांगत नाही. 'शोले' त्यांनी अजून पाहिलेला नाही.

लॅपटॉप कुठल्यातरी कंपनीतून लॉटमध्ये विकलेला होता. झाकणावर मालमत्ता क्रमांकाचा स्टिकर खरवडल्याची खूण होती, आणि मामांना त्या खुणेचंच कौतुक. "ऑफिसातला माल आहे. म्हणजे दिवसाला आठ तास, त्यातही दोन तास जेवण आणि चहाचे. चाललाय कुठे तो!" दुकानात तो चालू झाला होता. डोंबिवलीत मामांनी बटण दाबलं तेव्हा दिवा लागला, पंख्याने दोन सेकंद घरघर केली आणि सगळं शांत झालं. पुन्हा दाबलं. पुन्हा दोन सेकंद.

"फसवलं ना तुम्हाला?" मामी म्हणाली.

मामा काही बोलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते दुःख नव्हतं. दिवाळीच्या पहाटे लहान पोरांच्या तोंडावर असतं, तसलं काहीतरी होतं. त्यांनी मला फोन लावला. "अरे, ये लवकर. अजिबात चालू होत नाहीये!"

मी गेलो तेव्हा पहिला उपचार सुरू होता. बॅटरी काढायची, चार्जर काढायचा आणि बटण तीस सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत अडकलेला विजेचा उरलासुरला अंश निघून जातो. मामा मोठ्याने आकडे मोजत होते. एकविसाला मामीने दुधाचे किती द्यायचे ते विचारलं. मामांनी पैसे सांगितले आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

मग चार्जर. त्याच्यावर साडेएकोणीस व्होल्ट छापलेलं, मीटरवर १९.४ आलं. चार्जर निर्दोष सुटला. मग टॉर्च. पडद्यामागचा उजेड गेला असेल तर काळ्या पडद्यावर तिरका टॉर्च मारला की अंधुक चित्र दिसतं. हे खरं आहे, पण त्यासाठी यंत्र चालू राहावं लागतं. मी तसं म्हटलं.

"चाचणी गाळायची नाही," मामा म्हणाले.

त्यामुळे भर दुपारी दोन वाजता मी आणि मामा एका सोलापुरी चादरीखाली टॉर्च घेऊन बसलो होतो. तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. त्या काही न विचारता परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पोट फाडायचं ठरलं. आमच्या वेळच्या रेडिओचं पाठचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं की सगळा संसार समोर दिसायचा, आता पंधरा स्क्रू काढले तरी नख शिरत नाही, अशी मामांची तक्रार. मला ती पटते. त्यात हे स्क्रू दोन लांबीचे. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात पिळला तर तो आतल्या बोर्डात घुसतो. म्हणून स्क्रू वेगवेगळे ठेवायचे, आणि त्यासाठी मामांना घरात एकच योग्य भांडं दिसलं. मामीचा मिसळणाचा डबा. हळदीच्या वाटीत लांब, मोहरीच्या वाटीत आखूड. वाट्या रिकाम्या करायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"आमटीत सापडला तर सांगा हं," मामी म्हणाली, "लांब होता की आखूड."

आत पंख्यावर लोकरीसारखी धूळ होती, चार मेलेल्या मुंग्या होत्या, आणि प्रोसेसरवरचा लेप तंबाखूच्या डबीतल्या जुन्या चुन्यासारखा वाळून तडकला होता. मामांनी मुंग्या मोजून बाजूला ठेवल्या. पुरावा म्हणून असाव्यात. रॅमच्या दोन पट्ट्या निघाल्या. त्यांच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढला की यंत्राला स्मरणशक्ती सापडत नाही आणि ते उठता उठता पुन्हा आडवं होतं. हा थर खोडरबराने हलक्या हाताने पुसून काढायचा. नातवाच्या कंपासपेटीतून स्ट्रॉबेरीच्या वासाचं खोडरबर आलं.

दोन पट्ट्या आणि दोन खाचा. एकेक करून चार जोड्या लावून बघायच्या. मामांनी नोंदी कालनिर्णयवर केल्या, दुधाच्या खाड्यांच्या बाजूला: "एकादशी. पट्टी १, खाच १. नाही." "पट्टी १, खाच २. नाही." रात्री जेवायला उठले तेव्हा तिसरी नोंद झाली होती. चौथी त्यांनी मुद्दाम सकाळसाठी ठेवली. संपवायची घाई नव्हती त्यांना.

सकाळी दुसरी पट्टी दुसऱ्या खाचेत गेली, बटण दाबलं, आणि लॅपटॉप एकदा बारीक बीप करून चक्क चालू झाला. घड्याळाचा बटणाएवढा सेल गेलेला असल्यामुळे तारीख भलत्याच वर्षाची एक जानेवारी होती. बाकी सगळं ठणठणीत. मामीने हातावर साखर ठेवली.

मामा पडद्याकडे बघत बसले. पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ होतं.

"चाललं की," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. थोड्या वेळाने, "आता?"

"आता वापरा," मी म्हटलं. "गाणी ऐका, मेल करा."

"हो, करू की." त्यांनी माऊसचा बाण टेकडीवर नेला आणि परत आणला. मग एकाएकी ताठ बसले. "पण हा सेल बदलायला हवा रे. तारीख चुकतेय."

तीन व्होल्टचा तो सेल नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडेही मिळतो. मामा लॅमिंग्टनला गेले. संध्याकाळी सातच्या सुमारास परतले ते एका हातात सेलची पुडी आणि दुसऱ्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चपटं घेऊन.

"दुकानदार भंगारात टाकत होता," मामा दारातूनच म्हणाले. "याचा तर दिवासुद्धा लागत नाही!"

मामी काही बोलली नाही. तिने फडताळ उघडलं आणि वरच्या कप्प्यातून मिसळणाचा एक कोरा डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला. तो तिने कधी आणून ठेवला होता कोण जाणे. दुकानाचं लेबल अजून तसंच होतं.